न्यूरोकडे पहिल्यांदाच जातेय, एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा आजार) शंका आहे, काय तयारी करून जाऊ?

पेरूची_फोड:

नमस्कार. मी सोलापूरची, वय २९, एका पतसंस्थेत कॅशला आहे. पुढच्या गुरुवारी पुण्याला न्यूरॉलॉजिस्टची, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट मिळालीये, आयुष्यात पहिल्यांदाच असल्या मोठ्या डॉक्टरकडे जातेय म्हणून विचारतेय, जरा लांब होईल पण प्लीज वाचा.

साधारण महिनाभरापासून दोन्ही तळपाय बधिर आहेत. आधी नुसते तळवे होते मग वर सरकत सरकत गुडघ्यापर्यंत आलं, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, फरशी गार आहे का गरम तेही नीट समजत नाही. मान खाली घातली, म्हणजे केस धुताना किंवा नोटा मोजताना, की पाठीतून थेट पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं, क्षणभरच, मान वर केली की बंद. ऑफिसचा जिना चढला की पाय जड होतात. आणि लघवीला लागली की मग थांबताच येत नाही, हे मी घरात अजून कुणाला बोललेले नाही. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये, दुपारी बाहेरून आले किंवा कडक पाण्याने अंघोळ केली की उजव्या डोळ्याने धुरकट दिसतं, पंख्याखाली बसलं की अर्ध्या तासात परत नीट.

याच उजव्या डोळ्याला दोन वर्षांपूर्वी झालं होतं काहीतरी, डोळा फिरवला की दुखायचा आणि लाल रंग विटका दिसायचा. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून औषध दिलं, महिन्याभरात बरं वाटलं, मग विसरून गेले. गेल्या दिवाळीत छातीच्या खाली पट्टा आवळून बांधल्यासारखं झालं होतं, दोनेक आठवडे होतं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, गेलं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आता आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सगळं विचारून काढलं आणि म्हणाले एमएस असू शकतं, नसेलही, पण न्यूरोला दाखवायलाच पाहिजे. तोपर्यंत बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू केलीत.

आईचं म्हणणं आपण शाकाहारी आहोत, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, एवढं काय त्यात. आणि दुसरं म्हणजे माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे त्यामुळे नातेवाइकांत कुठेच कळता कामा नये असं तिचं आहे. तीच सोबत येणार. दादा म्हणतो अपॉइंटमेंटच्या आधी पटकन मेडिक्लेम काढून घे, नंतर कुणी देणार नाही.

मला विचारायचंय ते हे की डॉक्टरांना किती सांगायचं, कुठून सुरू करायचं, एमआरआय आधीच करून न्यावा का, आणि आपणच एमएस म्हणालो तर गूगल करून आलीये असं वाटेल का त्यांना? रात्री झोप लागत नाहीये, तयारी केली तर तेवढंच डोकं शांत राहील.

कोथरूडची_मावशी:

अगं आधी हे सांगते की तू जे वर लिहिलंयस ना, तेच अर्धं काम झालंय. मला स्वतःला एमएस आहे, बरीच वर्षं झाली, नोकरी करते, संसार करते. तुझं काय निघेल ते मी सांगू शकत नाही आणि इथे कुणीच सांगू नये, पण पहिल्या भेटीचं सांगू शकते.

त्या डॉक्टरकडे तुझ्यासाठी फार तर पंधरा-वीस मिनिटं असणार. बाकी सगळ्या तपासण्या नंतर, पण या आजारात निम्मं निदान पेशंटच्या सांगण्यावरूनच होतं, काय झालं, कधी झालं, किती दिवस राहिलं, पूर्ण गेलं का थोडं उरलं. म्हणून एका कागदावर तारीखवार लिही. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी, मार्च एंडला, मामेबहिणीच्या लग्नात, असं काहीतरी धरून महिना काढ, फोनमधले जुने फोटो चाळले की पटकन आठवतं. पतसंस्थेच्या रजेच्या नोंदीतही सापडेल. प्रत्येक वेळेपुढे लिही की एकदम आलं का दिवसादिवसाने वाढत गेलं, सलग चोवीस तासांच्या वर राहिलं का, आणि तेव्हा ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन काही होतं का. ताप-इन्फेक्शनमध्ये जुनंच दुखणं तात्पुरतं उसळतं, त्याला नवीन अटॅक धरत नाहीत, म्हणून डॉक्टर हे हमखास विचारतात. एकच पान ठेव, चार पानी वही नेलीस तर कुणी वाचणार नाही. दोन प्रती काढ कारण मोठ्या हॉस्पिटलात आधी ज्युनिअर डॉक्टर हिस्टरी घेतात, एक त्यांना देऊन टाकायची.

नुसतं अशक्तपणा आहे, चक्कर येते असं सांगू नकोस, त्यातून त्यांना काही कळत नाही. काय जमत नाही ते सांग. चप्पल निसटते, फरशीचं गार-गरम कळत नाही, जिना चढताना पाय उचलत नाही, हे तू इथे लिहिलंस ना अगदी तस्संच. तोंडाने मराठीतच बोल, घाबरून इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस.

लघवीचं आवर्जून सांग. हे न सांगणाऱ्या बायका खूप आहेत आणि नेमकं तेच मणक्यातल्या नसांबद्दल सांगणारं लक्षण असतं. आईसमोर बोलायचं नसेल तर कागदावर लिही आणि डॉक्टरांना म्हण मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय, ते आईला बाहेर बसायला सांगतील, त्यांना याची सवय असते. तुझं वय २९ आहे, तुझी तब्येत, तू बोल. आया उत्तरं देऊन टाकतात मधेच, म्हणजे डॉक्टर तुला विचारणार आणि आई म्हणणार नाही हो तसं काही नाही, जेवत नाही ना ही वेळेवर. आदल्या दिवशीच सांगून ठेव की आई, आधी मी सांगेन, राहिलेलं तू सांग.

आणि हो, एमएस हा शब्द तोंडातून काढायला अजिबात घाबरू नकोस. फॅमिली डॉक्टरांनी ही शंका काढली असं म्हण, त्यांची चिठ्ठीच घेऊन जा.

न्यूरोफिजिओ_नाशिक:

मावशींनी हिस्टरीचं छान लिहिलंय, मी तपासणीचं लिहितो म्हणजे तिथे गेल्यावर दचकायला नको.

पायात सैल सलवार किंवा पलाझो घाला जो गुडघ्याच्या वर सरकतो, घट्ट जीन्स नको. केस वर बांधा, मान वाकवून बघतात. बूट-मोजे पटकन निघतील असे घाला कारण तळपाय चावीने किंवा हातोडीच्या टोकाने घासून बघतात की अंगठा खाली वळतो का वर जातो, हे महत्त्वाचं चिन्ह आहे. गुडघे, घोटे, कोपर यांवर हातोडी मारणार. कंप पावणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, घोट्याच्या हाडावर ठेवून विचारणार थरथर जाणवते का. टाचणी आणि कापूस लावून दोन्ही बाजू सारख्या लागतात का विचारतील, तिथे बरोबर उत्तर कुठलं असं काही नसतं, जे वाटतं तेच सांगायचं, पेशंट परीक्षा असल्यासारखे अंदाज करतात ते करू नका. पाय जुळवून डोळे मिटून उभं करतील, रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगतील, डॉक्टरांचं बोट आणि तुमचं नाक असं आलटून पालटून शिवायला लावतील. डोळ्यांत टॉर्च एका डोळ्यातून दुसऱ्यात असा झुलवतात, जुनी नसेची सूज असेल तर बाहुलीच्या आकुंचनात फरक दिसतो, तो बऱ्याचदा वर्षानुवर्षं राहतो. म्हणून डोळ्याच्या त्या जुन्या त्रासाचे कागद शोधाच. त्या डॉक्टरांकडे जाऊन तेव्हाच्या तपासणीची नोंद मागून घ्या, नजर किती होती, कुठलं औषध दिलं, किती दिवस दिलं. ते स्टेरॉइड होतं का हे न्यूरो विचारणारच.

चालताना पाय घासतो किंवा लटपटतं असं कधी होत असेल तर आजच दादाला तुमचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, मागून आणि पुढून, संध्याकाळी दमल्यावरचा. गुरुवारी सकाळी गाडीतून उतरून एसीत बसल्यावर सगळं नॉर्मल दिसू शकतं आणि डॉक्टरांना खरा त्रास दिसतच नाही. करंटचा व्हिडिओ येत नाही, तो सांगायचाच.

प्रवासाचं पण बघा. आदल्या रात्री बसने जागरण करून सकाळी थेट ओपीडीत असं नको, जमलं तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. उन्हात रांगेत उभं राहायची वेळ आली तर ओला रुमाल मानेला, पाण्याची बाटली जवळ. उष्णतेने जे धुरकट दिसतं त्याने नवीन इजा होत नाही, अंग गार झालं की जातं, पण त्या दिवशी त्रास कशाला.

दुसरी_बाजू:

माझ्या बायकोला आहे म्हणून कागदांचं मी लिहितो, घरात फाइल माझ्याकडेच असते.

पहिलं मेडिक्लेमचं. दादांना सांगा की हे अजिबात करू नका. फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की कुठलं लक्षण आहे का, कुठल्या डॉक्टरला दाखवलंय का, तपासणी सांगितलीये का. तुम्ही फॅमिली डॉक्टरांना दाखवून बसलाय, इंजेक्शनं चालू आहेत, तिथे नाही लिहून सही केली की उद्या क्लेमच्या वेळी तेच कागद समोर येतात, क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरं लिहून काढा. आधीपासूनच्या आजाराला थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०२४ मध्ये चारवरून तीनवर आणली. कंपनी नाकारू शकते, जास्त प्रीमियम मागू शकते, ते त्यांच्या हातात, पण खोटं लिहिलेली पॉलिसी असून नसल्यासारखी. पतसंस्थेची किंवा फेडरेशनची ग्रुप पॉलिसी आहे का ते मात्र नक्की विचारा, ग्रुपमध्ये बऱ्याचदा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. घरात आधीची फॅमिली पॉलिसी असेल आणि तुमचं नाव त्यात असेल तर तिचा हप्ता काहीही झालं तरी चुकवू नका.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. ओपीडीतून निघायच्या आधी केसपेपर वाचा. त्यावर डॉक्टर किंवा ज्युनिअर त्रास कधीपासून ते लिहितात आणि गर्दीत ऐकण्यात गडबड होते, दोन महिन्यांचं दोन वर्षं होतं. आमच्या बाबतीत एका हॉस्पिटलात असंच चुकीचं लिहिलं गेलं आणि पुढे क्लेमला प्रत्येक वेळी खुलासा लिहून द्यावा लागला. तिथल्या तिथे दाखवलं तर डॉक्टर पेनाने दुरुस्त करून सही करतात, महिन्याने गेलात तर कुणी हात लावत नाही. तुमचं डोळ्याचं खरंच दोन वर्षांपूर्वीचं आहे, ते तसंच लिहिलं गेलं पाहिजे, पायाचं महिन्याचं म्हणून. आजारासाठी आणि पैशासाठी, दोन्हीसाठी.

फाइलमध्ये काय ठेवायचं तर सगळे जुने रक्ताचे रिपोर्ट, डोळ्यांचे कागद, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या पाकिटासकट, इंजेक्शनचं नाव आणि तारखा, काढे-आयुर्वेद-होमिओपॅथी काही चालू असेल तर तेही, आधार कार्ड. मूळ कागद कुणाला देऊन यायचं नाही, झेरॉक्स द्यायची.

एमआरआय आधी करून नेऊ नका असं माझं मत. नुसता ब्रेन प्लेन करून गेलात आणि डॉक्टरांनी ब्रेन, मान आणि पाठीचा मणका, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध टोचून) सांगितलं तर परत सगळा खर्च. डॉक्टरांना तपासून ठरवू द्या कुठला भाग हवाय ते, आणि शक्यतो त्यांच्या सांगण्याने एमएसच्या प्रोटोकॉलने करा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्कॅनशी तुलना करता येते. फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट मिळतोच, पण सीडी मागून घ्या. हल्ली काही सेंटरवाले नुसती लिंक पाठवतात आणि ती थोड्या दिवसांनी बंद पडते, आल्याबरोबर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. रिपोर्ट फक्त वाचून न बघणारे, स्वतः इमेज उघडून बघणारे न्यूरो असतात, असलेच पाहिजेत.

पेरूची_फोड:

किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. दादाला मेडिक्लेमचं वाचून दाखवलं, गप्प बसला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्याच जाते. लघवीचं कागदावर लिहिलं, लिहितानाच रडू आलं पण लिहिलं.

आता दोन शंका. एक म्हणजे बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू आहेत, रक्त तपासलंच नव्हतं आधी, तर आता तपासून उपयोग आहे का? आणि आई खरंच बरोबर असू शकते का? मला ती बरोबर असावी असंच वाटतंय, खोटं कशाला बोलू.

रेसिडेंट_मिरज:

मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, तुम्हाला तपासलेलं नाही, एवढं धरून वाचा.

आई चुकीचं बोलत नाहीयेत. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तर मणक्याच्या मागच्या भागातल्या नसा बिघडतात, तळपाय बधिर होतात, थरथर कळेनाशी होते, मान वाकवल्यावर करंट जाणं हेसुद्धा त्यात होऊ शकतं. या करंटला लर्मिट साइन म्हणतात आणि ते एमएसमध्ये दिसतं, बी-ट्वेल्व्हमध्ये दिसतं, मानेच्या मणक्याचा दाब असला तरी दिसतं. पण एका डोळ्याला दुखून नजर जाणं आणि परत येणं, मग मध्ये बरं, मग छातीभोवती पट्टा, मग पाय, हे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागी झालंय, ते एकट्या बी-ट्वेल्व्हने सहज जुळत नाही. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी जे केलं ते अगदी योग्य केलं.

इंजेक्शननंतर रक्तातली पातळी वाढलेलीच येणार, त्यावरून आधी कमी होतं का ते कळणार नाही. इंजेक्शनच्या तारखा लिहून न्या. होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक अ‍ॅसिड या बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेच्या तपासण्या करायच्या का ते न्यूरो ठरवतील, तेही इंजेक्शनने सुधारत जातं. डोस आपल्या मनाने बंद करू नका, फोन करून फॅमिली डॉक्टरांनाच विचारा की पुढचे डोस अपॉइंटमेंटनंतर दिले तर चालेल का.

आता डॉक्टर काय शोधत असतात ते कळलं तर तपासण्यांची भीती कमी होईल. एमएसची एक अशी रक्ताची टेस्ट नाही. मॅकडोनाल्ड निकष म्हणून आहेत, २००१ पासून वापरात, वेळोवेळी सुधारलेले, त्यांचा गाभा हा की मज्जासंस्थेत एकापेक्षा जास्त जागी, आणि बऱ्याचदा एकापेक्षा जास्त वेळा, इजा झाल्याचा पुरावा हवा, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने ते जास्त चांगलं समजावता येऊ नये. तो पुरावा एमआरआयमधून येतो, कधी पाठीतल्या पाण्यातून. पाठीतलं पाणी काढलं तर ऑलिगोक्लोनल बँड्स (अँटिबॉडीचे विशिष्ट पट्टे) बघतात, त्यासाठी त्याच वेळी रक्ताचा नमुनाही लागतो, तो घेतात का तेवढं विचारून घ्या. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नससुद्धा धरायच्या जागांमध्ये आली, म्हणून तुमच्या जुन्या डोळ्याच्या कागदांना आता आणखी वजन आहे, व्हीईपी किंवा ओसीटी या डोळ्याच्या नसेच्या आणि पडद्याच्या तपासण्या सांगितल्या तर त्या यासाठी.

वगळायचे आजार आपल्याकडे जरा जास्त बघावे लागतात. टीबी, थायरॉइड, ल्युपससारखे संधिवाताचे प्रकार, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट)-एचआयव्ही, आणि मुख्य म्हणजे एनएमओ आणि मॉग हे एमएससारखेच दिसणारे पण वेगळे आजार, ज्यासाठी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी रक्तात बघतात. हे वेगळं काढणं फार गरजेचं, कारण एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलट त्रास वाढवतात. एचआयव्हीची टेस्ट लिहिली म्हणून घरच्यांनी दचकू नये, ती सगळ्यांचीच करतात. घरात कुणाला टीबी झाला होता का, तोंडात वारंवार फोड, सांधे दुखणं, अंगावर चट्टे, केस गळणं, यातलं काही असेल तर सांगा, विचारायची वाट बघू नका.

कॉन्ट्रास्टच्या एमआरआयआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. पाळीची तारीख सांगा. अंगावर धातू नको, पिना, पैंजण, जोडवी, सगळं काढून जायचं, शरीरात प्लेट किंवा क्लिप बसवलेली असेल तर आधी सांगायचं. ब्रेन आणि पूर्ण मणका म्हणजे तासभर किंवा जास्त आत पडून राहायचं, आवाज मोठा असतो, हातात बेल देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गुरुवारची वाट बघू नका जर यातलं काही झालं: लघवी तुंबली, म्हणजे लागतेय पण होत नाही, पाय उचलताच येईनासे झाले, बधिरपणा कमरेपर्यंत किंवा वर सरकला, एका डोळ्याची नजर भराभर जायला लागली, किंवा तोंड वाकडं-बोलणं अडखळणं असं अचानक झालं. सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कुणी दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घे म्हणालं तर घेऊ नका, डोस आणि पद्धत चुकली तर नुकसान होतं.

जास्वंद_७:

रेसिडेंट सरांनी एनएमओचं लिहिलं म्हणून लिहितेय. माझं पहिलं निदान एमएस असं झालं होतं, नंतर अ‍ॅक्वापोरिन पॉझिटिव्ह आली आणि औषधच बदललं. आता बरी आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना थेट विचार की हे एमएस नसेल तर दुसरं काय असू शकतं आणि ते तपासणार आहात का. चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो. आणि पहिल्याच दिवशी नाव कळेल असं धरून जाऊ नकोस, रिपोर्ट यायला वेळ लागतो, कधी कधी थांबून काही महिन्यांनी परत स्कॅन करू म्हणतात. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या म्हणतील एवढा खर्च केला आणि काही सांगितलंच नाही.

साताऱ्याची_आई:

पोरी, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. माझ्या मुलीला हेच आहे. आजाराचं नाव कागदावर आलं तेव्हा मलाही पहिल्यांदा लग्नाचंच सुचलं होतं, आईच्या मनात भीती त्याच वाटेने येते, तुझ्यावरची माया कमी आहे म्हणून नाही.

तिला एवढंच म्हण की आत्ता कुणालाच काही सांगायचं नाहीये, सांगण्यासारखं अजून हातात काही नाही. पण डॉक्टरांपासून लपवायचं नाही. डॉक्टर सोलापुरात कुणाला फोन करत नाहीत. स्थळं चार-सहा महिने थांबवा असं मी तरी सांगेन, कारण एका बाजूला तपासण्या आणि दुसऱ्या बाजूला कांदेपोहे हे कुठल्याच मुलीच्याने होत नाही. निदान पक्कं झालं तर मात्र समोरच्या घराला लग्नाआधी सांगायचं, आम्ही सांगितलं, दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्या ठिकाणी मुलगा स्वतः न्यूरोकडे येऊन बसला आणि त्याने त्याचे प्रश्न विचारले. आज नातू आहे मला. मूल हवं असेल तर कुठलं औषध चालतं, कुठलं आधी बंद करावं लागतं हे डॉक्टर ठरवून देतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या भेटीतच त्यांना सांग की पुढे लग्न आणि मूल दोन्ही मनात आहे. लाजू नकोस, औषध निवडताना त्यांना ते माहीत असावंच लागतं.

आईला एकटीला सोबत नेण्यापेक्षा वहिनी किंवा मैत्रीण कुणी असेल तर तिलाही ने. आई घाबरली की तिला सांभाळायला एक माणूस, आणि तुझ्या शेजारी बसून डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्यायला एक. विचारून मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

कोथरूडची_मावशी:

साताऱ्याच्या ताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. मुली, एक राहिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया म्हणून संस्था आहे, १९८५ पासूनची, मुंबई-पुण्यात शाखा आहेत. निदान झालंच तर त्यांच्याकडे जा, तिथे तुझ्या वयाच्या मुली भेटतील. निदान व्हायच्या आधी मात्र ग्रुप-बिप जॉइन करू नकोस, तिथे व्हीलचेअरवरची माणसंही असतात आणि आत्ता ते बघून तू नुसती घाबरशील, प्रत्येकाचा आजार वेगळा चालतो.

पेरूची_फोड:

आईला ताईंचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली त्यांच्या मुलीला आता किती त्रास आहे विचार. मी म्हटलं नंतर विचारू. वहिनी येतेय सोबत, तिने रजा टाकली. पान लिहून झालं, एका बाजूत बसलं, मागच्या बाजूला प्रश्न लिहिलेत: एमएस नसेल तर काय, कुठल्या तपासण्या आणि कुठल्या क्रमाने, त्रास एकदम वाढला तर कुणाला फोन करायचा, नोकरी चालू ठेवू ना, आणि लग्न-मूल.

बाकी रेसिडेंट सर, एमआरआय त्याच दिवशी झाला तर उपाशी जायचं का?

रेसिडेंट_मिरज:

कॉन्ट्रास्ट असेल तर बरीच सेंटर्स काही तास उपाशी यायला सांगतात, काही नाही सांगत. ओपीडीला मात्र उपाशी जाऊ नका, भरपूर वेळ बसावं लागतं आणि रिकाम्या पोटी चक्कर आली तर तपासणीत घोळ होतो. सकाळी हलका नाश्ता करा, आणि एमआरआयची वेळ मिळाली की त्या सेंटरलाच फोन करून विचारा, तेव्हाच अ‍ॅलर्जी, दमा, आधीच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन काही असेल तर सांगा. प्रश्नांमध्ये एक वाढवा: आत्ता चालू असलेल्या त्रासाला स्टेरॉइडची सलाईन लागणार आहे का, आणि लागली तर एमआरआयच्या आधी का नंतर.